नको असलेलं टपाल, मेसेज आणि फोन कमी करताना : घरच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

घरात येणाऱ्या नको त्या जाहिरातींचं काम आजपासून हातात घेतलं आहे. कागदी टपाल, मोबाइलवरचे मेसेज, फोन आणि ईमेल, सगळं एकदम. आत्ताच घेतलं याला कारण हा महिना. बाबा निवृत्तिवेतनधारक आहेत. हयातीचा दाखला नोव्हेंबरअखेर द्यायचा असतो, आणि त्याबद्दल बँकेकडून येणारा एखादा मेसेज कर्ज, प्लॉट, क्लासेस आणि सवलतींच्या गर्दीत बाबांच्या नजरेतून सहज निसटू शकतो. घरातली रद्दी कमी झाली तर हवीच आहे. पण माझं मोजमाप वेगळं आहे : जे वाचायलाच हवं, ते घरातल्या प्रत्येकाला वेळेवर दिसतं की नाही.

गेल्या काही आठवड्यांत आलेलं टपाल मुद्दाम साठवून ठेवलं होतं. ते आज टेबलावर मांडलं. आधी बँक, विमा, दुकानं असे गठ्ठे केले, मग ते मोडले. कोणी पाठवलं यापेक्षा त्यांना आमचं नाव कुठून मिळालं, हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो, कारण बंद करायची जागा तिथेच असते. आता चार गठ्ठे आहेत. ज्यांच्याशी आमचा व्यवहार आहे त्यांची पत्रं. आमचं नाव आहे, पण पाठवणारा अनोळखी, अशी पत्रं. कोणाचंच नाव नसलेली पत्रकं. आणि आमच्या पत्त्यावर, पण आमच्या आधी इथे राहणाऱ्यांच्या नावाने येणारी पत्रं. या चारही गठ्ठ्यांवरचा उपाय वेगवेगळा आहे, हे मांडल्यावरच नीट लक्षात आलं.

४ नोव्हेंबर

सुरुवात फोनपासून केली, कारण तिथे कायदा सर्वांत स्पष्ट आहे आणि त्रासही तिथेच सर्वांत जास्त. दुपारी आईचा डोळा लागतो तेवढ्यात फोन येतो. फोन उचलला की तिला तो पटकन ठेवता येत नाही. ‘नको हो, आम्हाला नको’ असं दोन-तीनदा समजुतीने सांगते, आणि तोवर झोप गेलेली असते.

घरातल्या प्रत्येक मोबाइलवरून १९०९ वर, जाहिरातीचे फोन आणि मेसेज नकोत, अशी नोंद केली. यालाच लोक डीएनडी म्हणतात. फोन करूनही करता येते, मी मेसेजने केली : इंग्रजीत ‘फुली ब्लॉक’ एवढंच लिहून १९०९ ला पाठवायचं. ज्या नंबरची नोंद करायची, त्याच नंबरवरून पाठवावं लागतं. सगळंच बंद नको असेल तर विभाग निवडता येतात. बँका, विमा आणि कर्ज हा पहिला, मालमत्ता दुसरा, शिक्षण तिसरा, आरोग्य चौथा, आणि असे आठ. मुलीला शिक्षणाचा विभाग सुरू ठेवू का म्हणून विचारलं. ती म्हणाली, ज्या संस्था मला हव्यात त्या मी स्वतःच जाऊन बघते. तिचाही पूर्ण बंद.

ही व्यवस्था नवी नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, नको असलेल्या फोनसाठीची पहिली नोंदवही २००७ मध्ये आणली. आज लागू असलेले नियम २०१८ चे आहेत आणि त्यांत या वर्षी फेब्रुवारीत मोठी दुरुस्ती झाली.

बाबांना धाकधूक होती. “अगं, बँकेचे मेसेज नाही ना बंद होणार?” नाही होत. ओटीपी, खात्यातून पैसे गेल्या-आल्याची सूचना, पेन्शन जमा झाल्याचा मेसेज या सेवेच्या आणि व्यवहाराच्या सूचना आहेत. या नोंदणीने फक्त जाहिरात अडते. हे मी तोंडी सांगितलं, पण तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही, आणि ते बरोबरच होतं. म्हणून त्यांच्याच मोबाइलवर दाखवलं. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक आडवी रेघ आणि तिच्यापुढे एक इंग्रजी अक्षर असतं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. फेब्रुवारीतल्या दुरुस्तीतून आलेली ही गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. मजकूर न वाचता, नुसत्या नावावरून चाळता येतं. चार अक्षरं मोठ्या अक्षरांत लिहून बाबांच्या टेलिफोन डायरीच्या पहिल्या पानावर चिकटवली.

६ नोव्हेंबर

नोंदणी होऊनही आज आईला घरबांधणी प्रकल्पाचा फोन आलाच. हे होणार होतं, आणि इथेच बहुतेक घरं सोडून देतात. ‘डीएनडी केलं, काही फरक पडला नाही’ हे मी कितीतरी जणांकडून ऐकलं आहे.

नियमाप्रमाणे जाहिरातीचा फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून यायला हवा. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने यंदा जानेवारीत स्पष्ट केलं की व्यवहार आणि सेवेचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या मालिकेतून करायचे आणि जाहिरातीचे १४० मधून. त्रास देणारे फोन मात्र साध्या दहा आकडी मोबाइलवरून येतात. ते नोंदणी न केलेल्यांचे असतात. ते आमची पसंती बघतच नाहीत, त्यामुळे ती नोंदवून ते थांबत नाहीत. ते थांबतात तक्रारीने.

तक्रार आईसमोर बसून केली, म्हणजे पुढच्या वेळी तिची तिला जमेल. चारच गोष्टी लागतात : आपला नंबर, ज्या नंबरवरून फोन आला तो, तारीख आणि काय म्हणाले ते एका ओळीत. १९०९ वर फोन करून, मेसेजने किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवरून देता येते. पूर्वी तक्रार तीन दिवसांच्या आत द्यावी लागे, आता सात दिवस मिळतात. आणि एक महत्त्वाचं : नोंदणी न केलेल्या फोनवाल्यांविरुद्ध तक्रार करायला स्वतःची डीएनडी नोंदणी असणं आता गरजेचं नाही.

एकट्याच्या तक्रारीने काय होणार, असं आईने विचारलं. तिला आकडे सांगितले. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी झाल्या की कारवाईची प्रक्रिया सुरू व्हायची. आता दहा दिवसांत पाच पुरतात. पहिल्या वेळी त्या फोनवाल्याची बाहेर जाणारी सेवा पंधरा दिवस बंद, पुन्हा तेच केलं तर त्याच्या नावावरच्या सगळ्या जोडण्या वर्षभरासाठी खंडित. पाचांतली एक तक्रार आपली. हे ऐकल्यावर आई म्हणाली, “मग मी वहीत नंबर लिहून ठेवत जाईन.” शेजारच्या काकूंनाही तिने संध्याकाळी सांगितलं.

९ नोव्हेंबर, रविवार

पहिला कागदी गठ्ठा. व्यवहार असलेल्यांची पत्रं.

यात वजनाने सर्वांत जड म्हणजे कंपन्यांचे वार्षिक अहवाल. बाबांनी नोकरीत असताना थोडे थोडे शेअर घेतले होते, आणि जिथे त्यांचा ईमेल नोंदलेला नाही तिथून जाडजूड पुस्तकं येत राहिली. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०११ पासूनच अहवाल आणि सभेच्या नोटिसा ईमेलने पाठवायला मोकळीक दिली आहे. करायचं एवढंच की डिमॅट खात्यात ईमेल नोंदवायचा किंवा अद्ययावत करायचा. शेअर अजून कागदी प्रमाणपत्रांच्या रूपात असतील तर कंपनीच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे. डिमॅटमध्ये एकदा ईमेल बदलला की त्या खात्यातल्या सगळ्या कंपन्यांना तो लागू होतो, प्रत्येकीला वेगळं पत्र लिहायला नको. एकत्रित खातेविवरण, ज्याला सगळे सीएएस म्हणतात, तेही ईमेलवर वळवलं.

बाबा मात्र एका कंपनीच्या अहवालावर अडून बसले. तो त्यांना कागदावरच हवा. दरवर्षी पेन्सिल घेऊन ताळेबंद वाचतात, समासात टिपणं करतात, मागच्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून बघतात. मागणी केली तर भागधारकाला छापील प्रत मिळते, तशी त्या कंपनीकडे केली. हे मला मनापासून पटलं. जे आवडीने वाचलं जातं ते नको असलेलं टपाल नाहीच.

क्रेडिट कार्डाचं मासिक बिल ईमेलवर घेतलं, त्यासोबत पाकिटातून येणारी जाहिरातीची चिठोरी आपोआप थांबतील. विम्याच्या हप्त्याची सूचना मात्र कागदावर आणि मेसेजवर दोन्हीकडे राहू दिली. हप्ता चुकला तर पॉलिसी बंद पडते. कागद वाचवण्याच्या नादात तिथे हात लावायचा नाही, असं ठरवलं.

फेकायच्या पाकिटांवरचा नाव-पत्त्याचा तुकडा आणि क्यूआर कोड फाडून वेगळा केला. पार्सलच्या खोक्यांवरचंही तसंच. त्या चिकटवलेल्या कागदावर नाव, पत्ता आणि कधीकधी मोबाइल नंबरही छापलेला असतो.

१० नोव्हेंबर

आधीच्या रहिवाशांची पत्रं न उघडता पोस्टमनदादांकडे परत दिली. पाकिटावर ‘या पत्त्यावर राहत नाहीत’ असं ठळक लिहिलं. त्यांतलं एक बँकेचं दिसत होतं. अशी पत्रं पेटीत साठू देणं त्या कुटुंबासाठीही धोक्याचं आहे. पत्र परत गेलं तरच पाठवणाऱ्याला पत्ता बदलल्याचं कळतं.

१२ नोव्हेंबर

ईमेल. रात्री जेवणं झाल्यावर बसले, कारण हे सलग करायला लागतं.

आधी शोधचौकटीत ‘अनसबस्क्राइब’ हा इंग्रजी शब्द टाकला. जाहिरातीच्या जवळजवळ सगळ्या ईमेलच्या तळाशी तो असतोच, त्यामुळे एका झटक्यात सगळा ढीग समोर येतो. मग पाठवणाऱ्यांनुसार बघितलं. नुसत्या डिलीट करण्याचा काही उपयोग नाही. उद्या तितक्याच पुन्हा येतात.

अनोळखी आणि ओळखीचे यांत इथे काटेकोर फरक करावा लागतो. ज्या दुकानातून खरंच खरेदी केली, ज्या संस्थेत खरंच नाव घातलं, त्यांना अनसबस्क्राइब. ज्यांचं नाव कधी ऐकलं नाही, त्यांच्या ईमेलमधल्या कुठल्याच दुव्याला हात लावायचा नाही. तिथे ‘अनसबस्क्राइब’ दाबलं की हा पत्ता चालू आहे आणि कोणीतरी तो वाचतं, एवढंच समोरच्याला कळतं. ते सरळ स्पॅम म्हणून कळवायचे.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. नकोशा झालेल्या पण प्रामाणिक वार्तापत्राला स्पॅम म्हणू नये. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांना नियम लावले आहेत. जीमेलच्या हिशेबात दिवसाला ५,००० हून जास्त ईमेल पाठवणारे या नियमांत येतात. जाहिरातीच्या ईमेलमध्ये एका टिचकीत नाव काढण्याची सोय हवी, विनंती दोन दिवसांत पाळली पाहिजे आणि स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राहिलं पाहिजे. म्हणजे आपण दाबलेल्या स्पॅमच्या बटणाला वजन आहे. ते जिथे खरोखर लागू आहे तिथेच वापरावं. एका टिचकीची ही सोय ईमेलच्या वरच, पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी दिसते. तळाच्या बारीक अक्षरांतला दुवा शोधत बसण्यापेक्षा ती बरी.

अजून दोन कामं केली. सर्वांच्या ईमेलमध्ये बाहेरची चित्रं आपोआप उघडणं बंद केलं. जाहिरातीच्या ईमेलमध्ये डोळ्यांना न दिसणारं एका ठिपक्याएवढं चित्र घातलेलं असतं. ते उघडलं की ईमेल कधी वाचली गेली ते पाठवणाऱ्याकडे नोंदवलं जातं. आणि इथून पुढे कुठेही नाव घालताना जीमेलच्या पत्त्यात अधिकचं चिन्ह टाकून त्या दुकानाचं नाव जोडायचं. ईमेल आपल्यालाच येते, पण पुढे त्या पत्त्यावर तिसऱ्याच कोणाची जाहिरात आली तर पत्ता कुणाकडून गेला ते दिसतं. काही फॉर्म अधिकचं चिन्ह घेत नाहीत, तिथे इलाज नाही.

मुलीचं एक निरीक्षण नोंदवते. नाव काढताना एका पानावर दोन बटणं होती : एक मोठं रंगीत ‘मला सवलती हव्यात’, आणि दुसरं फिकट, ‘नको, मला जास्त पैसे खर्च करायला आवडतं’. ती चिडली. तिला सांगितलं की ग्राहकाला लाजवून निर्णय बदलायला लावण्याला आपल्याकडे नियमानेच मनाई आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा १३ फसव्या रचनांची यादी अधिसूचित केली, त्यात ही येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. तिने त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

याच आठवड्यात डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचे नियम अधिसूचित झाले. मूळ कायदा २०२३ चा. त्यातली एक तरतूद या सगळ्या कामाच्या मुळाशी जाते : संमती देणं जितकं सोपं होतं, तितकंच ती काढून घेणंही सोपं असलं पाहिजे. कंपन्यांवरची मुख्य बंधनं अठरा महिन्यांनी लागू होतील, तेव्हा उद्या सकाळी काही बदलणार नाही. पण मे २०२७ ची खूण करून ठेवली आहे.

तोवर आपल्या हातात काय आहे? नंबर न देणं. घरातल्या नोंदी मागे मागे लावत गेले तर बहुतेक जाहिरातींचा उगम एकाच ठिकाणी सापडतो : दुकानातला बिलाचा काउंटर. ‘नंबर सांगा’ म्हटलं की आपण सवयीने सांगतो. बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती करू नका, असं ग्राहक व्यवहार विभागाने किरकोळ विक्रेत्यांना मे २०२३ मध्येच कळवलं आहे. घरात सर्वांनी एक वाक्य ठरवलं : ‘नंबर देत नाही, छापील बिल द्या.’ आवाज न चढवता, पण थांबून न राहता म्हणायचं. बाबांना हे अवघड वाटतं, समोरचा मुलगा नाराज होईल म्हणून. त्याला दोष नाहीच, त्याला मालकाने सांगितलेलं असतं. पण नंबर आपला आहे.

१९ नोव्हेंबर

व्हॉट्सॲपवर १९०९ चालत नाही. ट्रायचे हे नियम फोन आणि एसएमएसचे. तिथे व्यावसायिक खात्यांना एकेक करून ब्लॉक आणि रिपोर्ट. कंटाळवाणं आहे, पण होतं.

२२ नोव्हेंबर

नाव नसलेली पत्रकं. या गठ्ठ्यावर मला सांगण्यासारखं सर्वांत कमी आहे.

वर्तमानपत्रात घालून येणाऱ्या पत्रकांबद्दल पेपरवाल्या काकांशी बोलले. त्यांना त्या पत्रकांचे थोडे पैसे मिळतात, आणि प्रत्येक अंकातून आमच्यापुरती काढायची तर भल्या पहाटे त्यांचा वेळ जातो. मी आग्रह धरला नाही. पत्रकं कागदाच्या रद्दीतच जातात, त्यात नाव-पत्ता नसतो आणि बाबांचं काही त्यात हरवत नाही. पेट्यांमध्ये कोंबल्या जाणाऱ्या पत्रकांसाठी सोसायटीच्या सचिवांना विनंती केली की फाटकाशी एक खोका ठेवू, ज्याला हवं तो तिथून घेईल. टपाल खात्याचीही ‘डायरेक्ट पोस्ट’ ही सेवा आहे, तिच्यात नाव-पत्ता नसलेली पत्रकं ठरावीक भागात घरोघर टाकली जातात. ती या खोक्याने अडणार नाहीत.

इतर देशांनी याचा जास्त विचार केला आहे. जर्मनीत ‘जाहिरात नको’ असं पेटीवर लिहिलं असेल तर ते पाळलंच पाहिजे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९८८ मध्ये दिला. नेदरलँड्समध्ये ‘नको’ची चिकटपट्टी बरीच वर्षं होती. आम्स्टरडॅमने २०१८ पासून ते उलटं केलं : ज्याला पत्रकं हवीत त्याने ‘हो’ लावायचं, काहीच न लावलेल्या पेटीत टाकायची नाहीत. मला हीच पद्धत न्याय्य वाटते. गप्प बसलेल्याची संमती धरू नये.

२५ नोव्हेंबर

सकाळी बाबांना फोन आला. ‘तुमचा हयातीचा दाखला अपुरा आहे, पेन्शन थांबेल, आत्ता फोनवरच करून देतो, आलेला नंबर सांगा.’ बाबांनी ‘बँकेत येतो’ म्हणून फोन ठेवला. मग मला हाक मारली.

सर्वांनी बसून पुन्हा उजळणी केली. डिजिटल हयातीचा दाखला, जीवन प्रमाण, २०१४ पासून आहे. त्याला बोटाचा ठसा, बुबुळ किंवा चेहऱ्याची ओळख लागते, आणि ती पेन्शनधारकाने स्वतः समोर बसून द्यायची असते. तोंडी ओटीपी सांगून असा दाखला कोणी पूर्ण करून देत नाही. बाबांचा दाखला तर आठवडाभरापूर्वीच झाला होता आणि तो स्वीकारल्याचा मेसेजही आला होता. मेसेजच्या यादीत जाहिराती उरल्या नसल्यामुळे तो त्यांना त्या दिवशी दुपारीच दिसला होता, म्हणून सकाळच्या फोनला ते घाबरले नाहीत.

अशा फोनची तक्रार १९०९ वर नाही. ही जाहिरात नाही, फसवणुकीचा प्रयत्न आहे. दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर ‘चक्षु’ नावाची सोय मार्च २०२४ पासून आहे, तिथे नंबर, वेळ आणि मजकूर नोंदवला. पैसे गेले असते तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करायचा, कारण रक्कम अडवायची तर वेळ फार थोडा असतो. तक्रारीची तिन्ही ठिकाणं डायरीत त्या चार अक्षरांच्या खाली लिहिले : जाहिरात १९०९, फसवा फोन संचार साथी, पैसे गेले तर १९३०.

संचार साथीवर गेलोच होतो म्हणून आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत तेही सर्वांनी पाहून घेतलं. बाबांच्या नावावर एक जुना, आता कोणीच न वापरणारा नंबर निघाला. ‘गरज नाही’ असं तिथेच कळवलं.

३० नोव्हेंबर, रविवार

एसएमएसच्या जाहिराती जवळपास थांबल्या. पी अक्षराचे जे काही येतात ते अशा दुकानांचे, जिथे आम्हीच कधीतरी संमती दिली होती. स्पष्ट संमती असेल तर डीएनडी तिला अडवत नाही. आता प्रत्येक जाहिरात मेसेजमध्ये ती काढून घेण्याची सोय असावी लागते, आणि एकदा काढून घेतली की तोच व्यापारी नव्वद दिवस पुन्हा विचारू शकत नाही. अशा संमती एकेक करून काढून घेण्याचं काम चालू आहे.

दहा आकडी नंबरांवरून येणारे फोन कमी झाले, बंद नाही झाले. आईची वही चालू आहे, आणि आता आलेला नंबर ती त्याच दिवशी स्वतः कळवते.

कागदी टपालाचा परिणाम दिसायला वेळ लागेल. अहवाल वर्षातून एकदाच येतात, त्यामुळे डिमॅटमधला ईमेलचा बदल लागू झाला की नाही ते पुढच्या जुलै-ऑगस्टमध्येच कळेल. खोक्याचं सचिवांकडून अजून उत्तर नाही, पुढच्या सोसायटीच्या बैठकीत विषय मांडणार आहे. मुलगी पुढच्या महिन्यात नवं सिम घेते आहे, त्या नंबरची १९०९ वर नोंदणी तिने पहिल्याच दिवशी करायची आहे.